ब्रह्मदेशची तूर आणि दिल्लीची मैत्री

कपाशीत तुरीचे तास घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आठवतो तो तुरीचा भाव पडला की. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्या देशाशी करार केला. २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षे दरसाल १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद तिथून आणायचा. करार कोणाशी झाला हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी विचारले नाही. आज आम्ही ते विचारत आहोत.

नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे निवडणूक झाली. आंग सान स्यू ची यांचा पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरायच्या दिवशीच, लष्कराने सत्ता बळकावली आणि निवडून आलेल्यांना अटकेत टाकले. २७ मार्चला तिथल्या लष्कराने आपला वार्षिक दिन संचलनाने साजरा केला. त्या एका दिवसात रस्त्यांवर शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्या संचलनाला हजर असलेल्या मोजक्या आठ देशांत भारताचा प्रतिनिधीही होता. १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या राजवटीला होणारा शस्त्रपुरवठा थांबवावा असा ठराव आला. ११९ देशांनी बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. डाळीचा करार झाला तो त्याच महिन्यात.

मौन एक वेळ समजून घेता येईल, पण गोष्ट मौनावर थांबलेली नाही. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने अहवाल दिला. सत्तापालटानंतर लष्करशहांना सुमारे १ अब्ज डॉलरची शस्त्रे व शस्त्रसामग्री मिळाली, त्यातली ५ कोटी १० लाख डॉलरची भारतातून गेली, आणि पाठवणाऱ्यांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या, असे तो अहवाल सांगतो. रशिया आणि चीन यांचा वाटा कितीतरी मोठा आहे, हे खरे. पण गावात दोघे दरोडेखोराला कुऱ्हाडी पुरवत असतील तर तिसऱ्याने विळा दिला म्हणून तो सज्जन ठरत नाही.

दिल्लीची बाजूही ऐकली पाहिजे. १,६४३ किलोमीटरची सरहद्द आहे, ईशान्येतले बंडखोर पलीकडे आसरा घेतात, आपण हात सोडला तर चीन शिरेल. ही कारणे खोटी नाहीत. पण या मैत्रीतून पदरात काय पडले? ऑक्टोबर २०२३ नंतर लष्कराच्या हातून मोठमोठे मुलूख गेले. आपल्या कलादान मार्गावरचे पालेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीने घेतले. ज्याच्या ताब्यात रस्ताच नाही त्याच्याशी रस्त्याचा सौदा टिकवून उपयोग काय? आणि चीन तर केव्हाचाच शिरलेला आहे.

आता आमच्यातल्या काहींच्या मनात जे येते ते उघडच बोलू. संबंध तोडा, म्हणजे तूर येणार नाही, म्हणजे आपल्या तुरीला भाव मिळेल. हा मोह आम्ही नाकारतो. आयातीच्या धोरणाशी आमचे भांडण आहे आणि ते आम्ही समोरासमोर करू. लोकशाहीचा बुरखा घालून नाही. ती तूर पिकवतो कोण? सागाइंग, मागवे, मंडाले हा तिथला कमी पावसाचा पट्टा. तिथेही कोरडवाहूच आहे. तूर, तीळ, कापूस, ज्वारीच आहे. लष्कराविरुद्ध सर्वांत चिवट लढा याच पट्ट्यात चालला. ११ एप्रिल २०२३ रोजी सागाइंगमधल्या पाझिजी गावावर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. ऑगस्ट २०२२ मध्ये राजवटीने निर्यातीच्या डॉलरचा मोठा हिस्सा २,१०० क्याट या सरकारी दराने बदलून घेण्याची सक्ती केली. बाजारात डॉलर त्याहून बराच महाग होता. मधला फरक शेवटी कोणाच्या खिशातून गेला हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे असे. तोडायचे ते सेनापतींशी, देशाशी नाही. शस्त्रे आणि त्यांचे सुटे भाग बंद. लष्कराच्या कंपन्यांशी व्यवहार बंद. त्यांच्या संचलनांना हजेरी बंद. व्यापार चालू राहावा, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांशी खुला. दोन सरकारांनी कोटा ठरवून एकमेकांवर केलेला उपकार म्हणून नको. जीव वाचवून आलेल्यांना आसरा द्यावा. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना या लोकांना अडवा असे कळवले, तेव्हा मिझोरामने दार बंद केले नाही. मान मिझोरामचा आहे.

हे जमण्यासारखे नाही असे कोणी म्हणू नये. १९८८ च्या उठावात भारत तिथल्या लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उभा होता. १९९३ सालचा नेहरू पुरस्कार आपण स्यू ची यांना दिला. मग व्यवहाराच्या नावाखाली दिल्ली सेनापतींकडे वळली. तीस वर्षांनी ना सरहद्द शांत आहे, ना चीन दूर आहे.

इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा रत्नागिरीत ठेवला, तो १९१६ साली तिथेच वारला. टिळकांना त्यांनी मंडालेला सहा वर्षे डांबले. बोलणाऱ्याला परमुलखात कोंडणाऱ्या राजवटीचे दुःख या दोन मुलखांनी एकदम भोगले आहे. मंडालेला आज कोंडलेला माणूस आपल्या मालाचा भाव पाडणारा परका नव्हे.

येत्या जिल्हा बैठकीत तुरीच्या ठरावाबरोबर हाही ठराव मांडावा. तुरीसाठी दिल्लीशी भांडायचे, आणि ज्यांच्या शेतात बॉम्ब पडतात त्यांच्यासाठीही.