ताकदीआधी आकसणे पाहा

फायबर जोडण्यासाठी अ‍ॅडहेसिव्ह निवडताना डेटाशीटवर पहिली नजर जाते ती बंधाच्या ताकदीवर आणि दुसरी क्युअरला किती सेकंद लागतात यावर. हा क्रम चुकीचा आहे, असे आमचे ठाम मत आहे. 125 मायक्रॉन व्यासाच्या काचेच्या तंतूला वजन ते कितीसे! तो सुटेल का, यापेक्षा तो जागचा हलेल का, हे आधी विचारायला हवे. सिंगल-मोड फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरला प्रकाशाचा ठिपका साधारण 10.4 मायक्रॉनचा असतो. दोन फायबर समोरासमोर धरताना बाजूला एक मायक्रॉन चूक झाली, तर सुमारे 0.16 डेसिबल जातात. दोन मायक्रॉन चुकले की नुकसान चौपट. लेझर चिपसमोर ठिपका याहून खूप लहान असतो, तिथे तर एक मायक्रॉनही परवडत नाही.

आता क्युअर होताना घनफळात तीन टक्के आकसणारे अ‍ॅडहेसिव्ह घेऊ. दोन कडक पृष्ठभागांत अडकलेल्या पातळ थराला आडवे आकसता येत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी घट जाडीतच उतरते. थर 50 मायक्रॉनचा असेल तर फायबर दीड मायक्रॉन ओढला जातो, म्हणजे 0.36 डेसिबलच्या आसपास फटका. तेच अ‍ॅडहेसिव्ह 10 मायक्रॉनच्या थरात वापरले तर सरक 0.3 मायक्रॉन आणि नुकसान नगण्य. बाटली तीच, जोडाची रचना वेगळी. सुईच्या टोकावरून उतरलेला थेंब फायबरच्या एकाच बाजूला जास्त बसला, तर यूव्ही दिवा लावताच पॉवर मीटरचा आकडा खाली घसरू लागतो. दोन्ही बाजूंना सारखा बसला, तर ओढ एकमेकींना बरीचशी छेद देते.

यावर कोणी म्हणेल, सिलिकाची पूड घातलेले, कमी आकसणारे इपॉक्सी घ्या. घ्यावे, पण पुडीने ते घट्ट होते, बारीक फटीत स्वतःहून शिरत नाही आणि जाड कण 10 मायक्रॉनचा थर साधूच देत नाहीत. दुसरे म्हणणे असे की, सरक आधीच मोजून फायबर तेवढा उलट बाजूला धरावा. थेंबाचे माप आणि दिव्याची तीव्रता दर वेळी तंतोतंत सारखी असेल, तरच हे जमते. वेगाचा आक्षेप मात्र रास्त आहे. भट्टीत तासभर लागणारे इपॉक्सी अलाइनमेंट स्टेज अडवून बसते, तर अ‍ॅक्रिलेट काही सेकंदांत धरते, पण सहसा जास्त आकसते. यूव्हीने धरून मग उष्णतेने पक्के करायचे, हा मधला मार्ग चांगला आहे. त्यात एक खाच आहे: प्रकाश न पोहोचलेला भाग भट्टीत जाऊन आकसतो. शिवाय काच अंशाला दशलक्षात 0.55 भाग प्रसरण पावते, साधे इपॉक्सी पन्नासेक भाग. म्हणून शेवटचे रीडिंग दिवा बंद होताच किंवा भट्टीचे दार उघडताच घेऊ नये. जोड खोलीच्या तापमानाला आल्यावर घ्यावे, आणि उणे 40 ते 85 अंशांच्या फेऱ्यांनंतर पुन्हा.