सहल रद्द होते, नदी तिथेच असते

दर्यापुरातून वाहणारी चंद्रभागा गाविलगडच्या डोंगरातून उतरते. सपाट काळ्या मातीत वाढलेल्या इथल्या पोरांना तो डोंगर भेटतो तो बहुधा शाळेच्या सहलीत. पहाटे एसटी, चिखलदऱ्याचे दोन-तीन पॉइंट, डबा, फोटो आणि रात्री घरी. वाट चुकली तर काय करावे, सोबतच्याचा पाय मुरगळला तर त्याला खाली कसे आणावे, हे त्या दिवसात कोणी शिकवत नाही.

शाळांची भीती खोटी नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. अशी बातमी वाचली की मुख्याध्यापकाचा सही करणारा हात थांबतो आणि सहल रद्द होते.

पण म्हणून पोरे पाण्यापासून लांब राहत नाहीत. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण बुडाले. ती शाळेची सहल नव्हती. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते. पावसाळ्यात चंद्रभागा आणि पूर्णा फुगतात, तेव्हा काठावर जाणाऱ्या मुलासोबत शिक्षक नसतो, दोर नसतो, आणि बहुतेकदा त्याला पोहताही येत नसते. खरा धोका इथे आहे.

साहस-शिक्षणाचा जन्मच अशा धोक्यातून झाला. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडत होती. तरणेबांड खलाशी जीवरक्षक होडीत धीर सोडतात आणि मुरलेले, वयस्क खलाशी तग धरतात, असे जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांचे निरीक्षण होते. त्यांच्या मदतीने शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. मुलाला त्याच्या सोसण्याच्या हद्दीपर्यंत न्यायचे, पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली, ही तिची रीत.

ही रीत विदर्भातही फळली आहे. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्याआधी निवड, चाचण्या आणि टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण झाले होते. दर्यापूरच्या पोराने एव्हरेस्ट चढावे असे कोणी म्हणत नाही. त्या तयारीचा एक अंश तरी त्याच्या वाट्याला यावा.

तयारी करून घेणारी माणसे लांब शोधावी लागणार नाहीत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे पोहणे, प्रथमोपचार आणि दोराच्या गाठी शिकायला पाठवता येतील. शिक्षिका हवीच. ती सोबत नसेल तर घरचे मुलीला मुक्कामी पाठवत नाहीत आणि सगळ्या योजना मुलांपुरत्या उरतात.

पैशाची अडचण मात्र खरी आहे. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला शिबिराची फी जड जाते, म्हणून हा खर्च जिल्हा परिषदेनेच उचलायला हवा. शिबिरांची सुरुवात नरनाळा किल्ल्यापासून करावी. किल्ला व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात असल्याने वनखात्याचे नियम आपोआप शिकवले जातील. संस्था बाहेरची असेल, तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे तिची नोंदणी आहे का, हे पालकांनी संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारावे. किती मुलांमागे एक प्रशिक्षक आहे, जखमी मुलाला कोणत्या गाडीतून, कोणत्या दवाखान्यात नेणार, हेही विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.