उसनी पोटरी

आपण घरात पोटरी म्हणतो, बाजारात पिंडली. आता तिला तिसरे नाव मिळाले आहे : 'काफ कॉन्टूरिंग'. पायाला गोलाई यावी म्हणून पोटरीत सुईने जेल भरायचे, असा हा उद्योग. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या आईने लग्नखर्चाची यादी दाखवली. तीत शालूच्या खालोखाल हे इंजेक्शन होते. पायघोळ शालूत पोटरी पाहणार कोण, असे मी विचारले. "सर, लग्नाआधीचे फोटो असतात ना!" त्या म्हणाल्या.

वाचकहो, हे जेल बहुधा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे असते. ते पाणी धरून ठेवते, म्हणून जागा भरून येते. पण शरीर ते हळूहळू जिरवते. साधारण वर्ष-दोन वर्षांत गोलाई ओसरते. मग पुन्हा पैसे मोजा. ओठांना मिलिलिटरभर पुरते, पोटरीला त्याच्या कित्येक पट लागते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर रक्तपुरवठा तुटून तिथले मांस मरू शकते. गाठी आणि जंतुसंसर्गाचे भय वेगळेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अंगाचा घाट बदलण्यासाठी अशा फिलरना मान्यता दिलेली नाही. द्रवरूप सिलिकॉन टोचून घेण्याविरुद्ध तर २०१७ साली उघड इशारा दिला. चीनमध्ये टोचले जाणारे पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल तिथल्या सरकारनेच २००६ साली बंद केले.

आणि गंमत पाहा. कोरियात पोटरी बारीक दिसावी म्हणून बोटॉक्स टोचतात. इतरत्र ती भरदार दिसावी म्हणून जेल! मग दोष पोटरीचा की विकणाऱ्याच्या नजरेचा?

पोलिओने किंवा जन्मजात वाकड्या पावलामुळे ज्यांची पोटरी सुकली, त्यांनी जाणत्या शल्यविशारदाच्या सल्ल्याने जरूर उपाय करावा. माझे भांडण त्यांच्याशी नाही. धडधाकट पायाला रोगी ठरवणाऱ्यांशी आहे.

पोटरी ही शोभेची वस्तू नव्हे. पायांतले रक्त हृदयाकडे वर ढकलणारा तो पंप आहे. जेलने आकार वाढेल, बळ तसूभर वाढणार नाही. आमच्या उज्जैनला वैशाखात पंचक्रोशी यात्रा निघते; बायाबापड्या डोक्यावर गाठोडे घेऊन ११८ किलोमीटर चालतात. बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे जीवन दिले तो मल्लखांब इथे आजही घुमतो. मध्यप्रदेशाने २०१३ साली त्याला राज्यखेळ केले. त्या पोटऱ्या कुणी विकत आणलेल्या नाहीत.

तरीही सगळा दोष बाजाराला देऊन आपण सुटत नाही. "काय गं, काड्यांसारखे पाय तुझे!" हे वाक्य मुलीला दवाखान्यात प्रथम ऐकू येत नाही. ते आपल्याच माजघरात, आपल्याच मराठीत, आत्या-मावशांच्या हसण्यात ऐकू येते. बाजार फक्त त्या वाक्याची किंमत वसूल करतो. या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती बसाल तेव्हा तेवढे एक वाक्य गिळा. खर्चाच्या यादीतली एक ओळ आपोआप गळेल.