घोषणेचा सातबारा कोणाच्या नावे?

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर अकोल्याची वा मनमाडची गाडी येऊन थांबते आणि उतरणारा अनोळखी प्रवासी समोरच्या अनोळखी माणसास 'जयभीम' म्हणतो. त्या एका शब्दाने दोघांची ओळख पटते. तिसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही. हा शब्द कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. तो पडावा असे दिवस आता आले आहेत.

अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी देशाला पुन्हा महान करण्याच्या आपल्या घोषणेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळावी असा अर्ज २०१२ मध्ये केला व २०१५ मध्ये ती त्यांस मिळाली. वस्तुतः १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी जवळजवळ तेच शब्द वापरले होते. आपल्याकडे मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' हे लष्करी कारवाईचे नाव जाहीर होताच त्यावर हक्क सांगणारे अर्ज दाखल झाले. टीका होताच एका बड्या कंपनीने आपला अर्ज मागे घेतला.

नवदीक्षित बंधु-भगिनींनो, अशा नोंदणीने कोणी आपले तोंड बांधू शकत नाही. परंतु १४ एप्रिलला बिल्ले, झेंडे व दिनदर्शिका विकून पोट भरणाऱ्या गरीब विक्रेत्यास नोंदणीधारक नोटीस धाडू शकतो. म्हणून कायदा जाणून घेणे अगत्याचे आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे ज्यास वेगळेपण नाही, जे व्यवहारात रूढ झाले आहे, अथवा ज्यामुळे धार्मिक भावना दुखावण्याचा संभव आहे, अशा चिन्हास नोंदणी नाकारता येते. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याने राखून ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. कलम २१ अन्वये अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत कोणाही व्यक्तीस हरकत घेता येते. त्यानंतरही बाधित व्यक्तीस कलम ५७ खाली नोंदणी रद्द करून मागता येते.

काही हितचिंतक म्हणतात, दुरुपयोग टळावा म्हणून आपल्यापैकीच एखाद्या संस्थेने नोंदणी करून घ्यावी. आम्हांस हे मान्य नाही. आज विश्वस्त म्हणून घेतलेला कागद उद्या गटाचा होतो व परवा घराण्याचा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची गत पाहा. पक्षाचे नाव तेच राहिले, परंतु त्यापुढे कंस आला आणि कंसात पुढाऱ्याचे नाव आले. कोणत्याही नोंदणी कार्यालयात न जाता आपण समाजाची ठेव अशी वाटून घेतली! दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी याची लाज आपणांस वाटली पाहिजे.

व्यापारचिन्ह म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या मालाहून वेगळा ओळखू यावा यासाठीची खूण. घोषणेचा धर्म याच्या नेमका उलट आहे. ती जितक्या मुखांत जाईल तितकी ती खरी. कामठीचे बाबू हरदास यांनी 'जयभीम' रूढ केला तेव्हा त्यांनी मोबदला मागितला नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरच्या परिषदेत शिक्षण, चळवळ व संघटना यांचा जो आदेश दिला, त्यातील इंग्रजी शब्द १९ व्या शतकात इंग्लंडच्या समाजवाद्यांच्याही मुखी होते. त्यांनी त्यावर पहारा बसविला असता तर? बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा स्वामित्वहक्कदेखील २०१६ अखेर संपला. आज ते छापण्यास सर्वजण मुक्त आहेत.

या मराठवाड्यात नावाची किंमत आम्ही जाणतो. विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आमच्या माणसांनी घरे जळताना पाहिली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांनी प्राण दिले. रक्ताने मिळविलेल्या शब्दाचा फेरफार कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरी होत नसतो.

म्हणून प्रत्येक विहारातील शिकल्यासवरल्या तरुणांनी व्यापारचिन्हांच्या जर्नलवर नजर ठेवावी, आणि असा अर्ज दिसताच मुदतीत हरकत घ्यावी. आणि आपल्या सभेत कोणी पुढारी ही घोषणा आपल्याच गटाची असल्याचे सांगू लागल्यास, उठून त्यास नम्रपणे विचारावे: हा सातबारा आपणांस कोणी लिहून दिला?