धोकादायक कुणाला?



महापालिकेच्या कागदावर जुन्या इमारतींच्या दोनच जाती आहेत. एक ‘वारसा’, दुसरी ‘धोकादायक’. पहिलीच्या दारावर पितळी पाटी लागते, दिवे सोडले जातात, मंत्री येऊन फीत कापतो. दुसरीच्या भिंतीवर नोटीस डकवली जाते आणि एका रात्री जेसीबी येतो. कुठली इमारत कुठल्या जातीत घालायची हे विटा-चुना ठरवत नाहीत, टेबलामागची माणसं ठरवतात. ज्या देशात माणूस जन्मायच्या आधी त्याची जात तयार असते, तिथं बिचाऱ्या भिंती कशा सुटणार?

चाकणला कंत्राटी पोरं बारा-बारा तास मशीनवर उभी असताना तुम्ही भिंतींचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारील. विचारावंच. आमचं उत्तर असं : ज्याचा कागद नाही त्याचा हक्क नाही, हे आपल्याला सातबाऱ्यानं शिकवलंय. इतिहासाचंही तसंच आहे. गावकुसाबाहेर आपल्या कैक पिढ्या कुडाच्या घरात जगल्या आणि मेल्या, त्यांची एक वीट उरली नाही. आपल्या नावाच्या पक्क्या भिंती उभ्या राहिल्या त्या गेल्या शंभर-दीडशे वर्षांत. बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्याही गेल्या तर उद्या हेच लोक तोंड वर करून म्हणतील, इथं तुमचं काही नव्हतंच मुळी.

आधी कायदा बघू. पिंपरी-चिंचवडला १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महापालिका झाली. तिचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमावर चालतो. त्यात कलम २६४ आहे. इमारत मोडकळीला आली, पडायला झाली, तर आयुक्तानं मालकाला किंवा राहणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. नोटिशीत काय सांगता येतं? पाडा, सुरक्षित करा, हटवा किंवा दुरुस्त करा. चार क्रियापदं आहेत, नीट मोजा. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची रचना तपासून दाखला घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. म्हणजे कायदा म्हणतो, वेळेत बघा, टेकू द्या, डागडुजी करा. पण आपल्या इमारतींवर येईपर्यंत या चारांतलं एकच क्रियापद शिल्लक राहतं. पाडा.

इमारत एका रात्रीत धोकादायक होत नाही. ती करावी लागते. कौल फुटतो, कुणी बघत नाही. पाणी मुरतं, कुणी बघत नाही. पिंपळ फुटतो, मालक-भाडेकरू कोर्टात भांडतात, वीस वर्षं जातात. मग एक दिवस इंजिनिअर येतो, वर बघतो आणि म्हणतो, आता काही होऊ शकत नाही. तो खोटं बोलत नसतो. खरंच काही होऊ शकत नसतं. गुन्हा त्या दिवशी घडत नाही, आधीच्या वीस वर्षांत घडतो. त्या वीस वर्षांवर देखरेख कुणाची होती हा प्रश्न मात्र कुठल्याच नोटिशीत छापलेला नसतो.

पुण्याचा भिडे वाडा घ्या. बुधवार पेठ, दगडूशेठ गणपतीच्या समोर. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथं मुलींची शाळा काढली. समोर गर्दी, आरती, नारळांचे ढीग आणि रस्त्याच्या अल्याड देशाच्या शिक्षणाची ही जागा वर्षानुवर्षं ढासळत उभी. खाली दुकानं, वर पडझड. पुणे महापालिकेनं २००६ मध्ये इथं स्मारक करायचा ठराव केला. मग कोर्टबाजी. उच्च न्यायालयाचा निकाल लागला २०२३ च्या ऑक्टोबरात. सर्वोच्च न्यायालयानं ३ नोव्हेंबर २०२३ ला महापालिकेच्या बाजूनं शिक्कामोर्तब केलं. आणि ४ डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात वाडा जमीनदोस्त झाला.

स्मारक व्हायलाच पाहिजे होतं. त्यासाठी लढलेल्यांना आमचा सलाम. पण हिशेब मांडू या. ठराव आणि निकाल यांच्यामध्ये सतरा वर्षं गेली. या सतरा वर्षांत त्या वाड्याला किती टेकू लागले? किती पत्रे टाकले? ज्या भिंतींनी त्या मुलींचा आवाज ऐकला त्या भिंती वाचवण्याच्या लायकीच्या उरल्याच नाहीत, आणि मग त्यांच्या नावानं नवी इमारत. त्याच शहरात गंज पेठेतला फुले वाडा राज्य संरक्षित स्मारक म्हणून उभा आहे. म्हणजे मनात आलं तर जमतं. पुण्याच्या हवेत जुनी इमारत टिकत नाही असं काही नाही.

आता मुंबई. दादरचं आंबेडकर भवन. बाबासाहेबांनी चळवळीसाठी घेतलेली जागा. तिथंच बुद्धभूषण छापखाना. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ज्या छापखान्यानं छापले तो छापखाना. २५ जून २०१६ च्या पहाटे, अंधारात, दोन्ही पाडले. विश्वस्तांचं म्हणणं होतं, इमारत मोडकळीला आलेली, महापालिकेची नोटीस होती, तिथं सतरा मजली भवन बांधायचंय. १९ जुलैला मुंबईत विराट मोर्चा निघाला. पण छापखाना परत आला नाही. मोर्चानं भिंत परत येत नाही.

इथं जरा थांबा. हे काम कुणा शंकराचार्याच्या माणसांनी केलं नव्हतं. नावात ‘पीपल्स’ असलेल्या आपल्याच ट्रस्टच्या कारभाऱ्यांनी केलं होतं. म्हणून हा प्रश्न नुसत्या ‘त्यां’च्यावर ढकलून चालणार नाही. सतरा मजल्यांचं चित्र दाखवलं की आपल्यातल्याही कित्येकांचे डोळे दिपतात. ग्रॅनाइट पाहिजे, लिफ्ट पाहिजे, एसी सभागृह पाहिजे. बांधा ना, शेजारी बांधा. पण ज्या खोलीत खिळे जुळवून बाबासाहेबांचा शब्द कागदावर उतरला ती खोली पुन्हा बांधता येत नाही. आणि पालिकेनं काय केलं? नोटीस दिली आणि हात झटकले. पाडण्याआधी मोजमाप, फोटो, आतल्या यंत्रांची आणि कागदपत्रांची यादी, हे बघायला कोण उभं होतं? पहाटेच्या अंधारात असलं कुणी उभं राहत नसतं. अंधार त्यासाठीच निवडलेला असतो.

नागपूरला तेच. अंबाझरीचं डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये, लोक करोनाच्या भीतीनं घरात बसलेले असताना पाडलं गेलं. पुढं तिथल्या बायांनी महिनोन् महिने धरणं धरलं. बाया बसल्या म्हणून सरकारला बोलावं लागलं. हे ध्यानात ठेवा.

आता कुणी विद्वान म्हणेल, वारसा ठरवायला काही निकष असतात. कोरीव खांब, नक्षी, तक्तपोशी. तुमच्या छापखान्याला काय नक्षी होती? तर विद्वानाला नियम वाचायला लावा. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली, इमारतींच्या तीन श्रेणी पाडल्या. तिच्यात ऐतिहासिक, सौंदर्यदृष्ट्या, स्थापत्यदृष्ट्या ‘आणि/किंवा’ सांस्कृतिक महत्त्व, असे शब्द आहेत. ‘किंवा’ आहे, दोस्तांनो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईबाहेरच्या शहरांसाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातही वारसा जतनाची तरतूद आहे. सुंदर असणं ही अट नाही. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. आपला इतिहास चाळीत, कँटीनमध्ये, गेटबाहेर, छापखान्यात घडला. तो सरदाराच्या वाड्यात घडला नाही, कारण त्या वाड्याच्या ओसरीवर आपल्याला चढू दिलं नव्हतं.

आता आपल्या पट्ट्यात या. महापालिकेला जतन करता येत नाही असं नाही. चिंचवडगावात चापेकर वाड्याच्या जागी तिनं स्मारक उभं केलंय. आमचं त्याला दुखणं नाही. पाडायलाही तिला येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली हजारो शेड आणि गोदामं तिनं आठवड्याभरात भुईसपाट केली. म्हणजे पैसा आहे, माणसं आहेत, यंत्रं आहेत. प्रश्न एवढाच, की यादी कुणाची?

देहूरोडला जा. २५ डिसेंबर १९५४. बाबासाहेबांनी स्वतः येऊन इथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची, हा आपला दावा त्यांनी याच सभेत मांडला. निगडीच्या हद्दीला लागून ही जागा. पण ती कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत, म्हणजे कायदा वेगळा, साहेब वेगळा. तळेगाव दाभाड्यात बाबासाहेबांनी राहण्यासाठी घेतलेलं घर आहे, तिथं नगरपरिषद वेगळी. एका लोकलच्या तिकिटात होणारा प्रवास आणि देखरेख करणारी तीन-तीन ऑफिसं. तिघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हा सरकारी खाक्या तुम्हाला माहीत आहे.

पिंपरीत या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प इथं वसला. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सार्वजनिक क्षेत्रातला देशाचा पहिला औषध कारखाना. इथल्या पेनिसिलिननं कितीतरी गरिबांची पोरं वाचवली. गावात पाटलाच्या बांधावर राबणारा आपला माणूस या पट्ट्यात आला आणि पहिल्यांदा हजेरीपटावर नावानं उभा राहिला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं या कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. जमिनीचा भाव सगळ्यांना कळतो. पहिल्या शेडचा, कॉलनीचा, गेटसभेच्या चौकाचा भाव कोण काढणार? मुंबईत गिरण्या गेल्या आणि कुठंकुठं मॉलच्या आवारात नुसतं धुराडं उभं राहिलं, शोभेला. आपल्याला असलं शोभेचं धुराडं नको आहे.

चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाइस्ताखानाविरुद्ध लढवलेला. आज गाव त्याला खेटून, त्याच्या अंगावर वाढलंय. गडकोटांच्या मेटांवर पहारा दिला महार-मांग-रामोशांनी. म्हणून तो किल्लाही आपलाच आहे. तो वाचला पाहिजे, आणि माहितीच्या फलकावर पहारेकऱ्यांचाही उल्लेख आला पाहिजे.

तेव्हा करायचं काय? नुसत्या घोषणा देऊन आणि हार घालून भागणार नाही. आमच्या मागण्या मांडतो.

एक. पिंपरी-चिंचवडच्या वारसा यादीत कामगारांच्या आणि आंबेडकरी चळवळीच्या जागा नावानिशी आल्या पाहिजेत, आणि यादी ठरवणाऱ्या समितीत नुसते आर्किटेक्ट नकोत, कामगार आणि वस्तीतली माणसं पाहिजेत. दोन. अशा जागेवर कलम २६४ ची नोटीस काढायची तर तपासणीचा अहवाल मराठीत, इमारतीच्याच भिंतीवर लागला पाहिजे. दुरुस्ती का शक्य नाही ते आधी लिहा, मग ‘पाडा’ लिहा. तीन. मालक हात वर करत असेल तर पालिकेनं टेकू द्यावेत, खर्च त्याच्याकडून वसूल करावा. चार. पाडणं खरोखर टळतच नसेल तर नकाशा, फोटो आणि आतल्या वस्तूंची यादी झाल्याशिवाय एक वीट हलता कामा नये. आणि काम दिवसाउजेडी. रात्रीची पाडापाडी बंद.

पण मागण्या देऊन घरी बसाल तर फसाल. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. २०२५ च्या मे महिन्यात शहराचा सुधारित विकास आराखडा हरकतींसाठी जाहीर झाला तेव्हा सगळा कारभार प्रशासकाच्या हातात होता. हजारो लोकांनी हरकती घेतल्या. कुणाच्या घरावर रस्ता, कुणाच्या शेतावर आरक्षण. वाजवीच होतं. पण त्यात किती जणांनी लिहिलं, की इथं आमचा इतिहास आहे, तो नोंदवा? अजून दार बंद नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ३७ आहे, त्याखाली आराखड्यात फेरबदल होतो, लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज करा आणि विचारा : तुमच्या वॉर्डात ‘धोकादायक’ किती, ‘वारसा’ किती, आणि कुणी ठरवलं?

आणि त्याआधी एक वही घ्या. मिलिंदनगरला जा, रमाबाईनगरला जा, भाटनगरला जा. म्हाताऱ्यांपाशी बसा. पहिलं विहार कुणी बांधलं, पत्र्याचं होतं का विटांचं, पहिली जयंती कुठल्या चौकात निघाली, पहिली युनियन कुठल्या खोलीत झाली, पोलिसांनी पहिल्यांदा कुठं झोडपलं, हे लिहून घ्या. पत्ता लिहा, साल लिहा, फोटो काढा. कॉलेजात शिकलेल्या पोरांनो, हे काम तुमचं आहे. म्हातारी माणसंही इमारतींसारखीच असतात, नोटीस न देता जातात.

त्यांच्या यादीत आपण नाही म्हणून रडत बसायचं नाही. आपली यादी आपण करायची आणि ती आयुक्ताच्या टेबलावर नेऊन आपटायची. पावती घेतल्याशिवाय मात्र उठायचं नाही.

ही भिंत धोकादायक आहे, असं ते म्हणतात. असेल. जिच्यावर आपलं नाव लिहिलंय ती भिंत कुणाला तरी धोकादायक असणारच. म्हणूनच ती उभी राहिली पाहिजे.

जयभीम.