कीर्ती घाटाची, कष्ट कातड्याचे

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने पुढील उन्हाळ्यासाठी पुरुषांचे जे पोशाख सादर केले, ते लेवून चालणाऱ्या तरुणांच्या पायांत अंगठा, पट्टा आणि कान असलेली, आपल्याकडील कोणाही शेतकऱ्याने दुरूनच ओळखली असती अशी पादत्राणे होती. आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. त्यावर महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला तो सर्वथा न्याय्य होता. येथील व्यापारी मंडळाने पत्र धाडले, पेढीने आपल्या नमुन्यामागील प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी रीतसर करार होऊन, दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घेऊन सुमारे आठशे युरो दराने विकण्याचे ठरले. येथवरची हकिकत वाचकांस ठाऊक आहे. मला जे सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे आहे. या साऱ्या वादात चपलेच्या घाटाविषयी उदंड बोलले गेले. तो घाट ज्या कातड्यातून निपजतो आणि ज्या हातांनी निपजतो, त्यांची चौकशी फार थोड्यांनी केली.

कोल्हापुरीचा घाट कोणा एका कलावंताने कागदावर रेखाटलेला नाही. तो कातड्याच्या अंगच्या गुणांतून आणि ते कापणाऱ्या हातांच्या सवयीतून पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. चुन्याच्या पाण्यात मुरवून, केस काढून, आतील मांस खरवडून स्वच्छ केलेले कातडे जुन्या रीतीत पिशवीसारखे शिवीत, ती पिशवी टांगून तीत बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा काढा भरीत, आणि तो काढा रंध्रारंध्रांतून पाझरून खाली ठिबकला की पुन्हा वर ओतीत. मग पिशवी उलटी टांगून हाच क्रम पुन्हा चाले, आणि या साऱ्या खटाटोपात आठवड्यांमागून आठवडे जात. क्रोमियमच्या क्षारांनी कारखान्यात हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकते, आणि त्यातून निघणारे कातडे मऊ, लवचिक व रंगास अनुकूल असते यात शंका नाही. परंतु कोल्हापुरीच्या तळास ते निरुपयोगी, कारण त्या तळास लागणारा ताठपणा आणि घनता त्याच्या ठायी नसते. साल-हिरड्यात कमावलेले कातडे पाण्यात भिजवून रापीने कापता येते, ठोकून ठोकून दाट करता येते, आणि एकदा वाळले म्हणजे दिलेला आकार ते सहसा सोडीत नाही. खिळ्यावाचून ही चप्पल उभी राहते ती या एका गुणाच्या बळावर.

जोड बांधताना पाहावे. दोन तळ एकमेकांवर बसवून, त्यांच्या मधोमध दोन्ही बाजूंचे कान खोवून, कारागीर कडेकडेने आरीचे भोक पाडीत जातो आणि त्या भोकातून धाग्याऐवजी चामड्याचीच बारीक वादी ओवून ओढतो. प्रत्येक ओढीसरशी वरचा तळ खालच्याला थोडा अधिक भिडतो, आणि कडेवर तिरप्या टाक्यांची जी रांग उमटते तीच त्या चपलेची पहिली नक्षी होय. कानांना जोडणारा पट्टा, अंगठा, पट्ट्यावरची वेणी, कानांवरची बारीक भोके, लाल गोंडा, हे सारे यानंतरचे. वेणीचे आणि नक्षीचे काम बहुतांशी घरातील स्त्रियांच्या हातचे असते, आणि चपलेचे जे अंग गिऱ्हाईक प्रथम पाहते, ज्यावरून भाव ठरतो, ते त्यांचे असूनही दुकानदाराच्या वहीत त्यांचे नाव क्वचितच चढते. वेणी जितकी बारीक आणि पट्टा जितका निमुळता, तितकी चप्पल नाजूक दिसते; कान रुंद ठेवला आणि तळास थर चढविले की तीच चप्पल मर्दानी, भारदस्त होते. एवढ्या मोजक्या अवयवांत इतके वैविध्य साधणारे दुसरे पादत्राण माझ्या पाहण्यात नाही.

कष्टकऱ्याचे नाव असे मागे पडणे केवळ येथेच घडते असे नाही. आज आपल्या शहरांतील तरुण ज्याला बोट शू म्हणून मोठ्या हौसेने विकत घेतात, त्या अमेरिकी जोड्याचीही कुळकथा पाहण्यासारखी आहे. पॉल स्पेरी नावाच्या नौकाविहारी गृहस्थाने, ओल्या फळीवर पाय घसरतो म्हणून, १९३५ साली रबरी तळावर नागमोडी सूक्ष्म चिरा पाडल्या, आणि बर्फावरून न घसरता धावणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या पंजावरून ती युक्ती त्यांस सुचली असे सांगतात. तळाचा शोध स्पेरी यांचा खरा. परंतु वरचा भाग, म्हणजे पावलाखालून वर वळवलेले एकसंध कातडे आणि त्यास माथ्यावर चुण्या घालून हाताने शिवलेला तुकडा, ही रचना उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी जमातींची होती. अमेरिकेच्या मेन राज्यातील कारागीर दोन सुया दोन बाजूंनी ओवून तो टाका हाताने घालीत आले. तळाच्या शोधकाचे नाव सर्वतोमुखी झाले, माथ्याचा टाका ज्यांचा होता त्यांचे कोठेच लागले नाही. कोल्हापुरीच्या बाबतीत हे घडू द्यावयाचे नसेल तर केवळ घाटाची मालकी सिद्ध करून भागणार नाही.

ती मालकी तर कागदोपत्री सिद्ध आहेच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले, आणि महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतच या नावाने चप्पल बनविता येईल असा दस्तऐवज झाला. अथणी आणि निपाणीकडची गावे त्यात आली, हे योग्यच झाले. हा हुन्नर भाषेची सीमा मानीत नाही. तरी नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत कोल्हापुरी म्हणून जो जिन्नस ढिगाने विकला जातो, त्यातील कितीएक जोडांचा तळ यंत्राने शिवलेला, कान रेक्झिनचे आणि पट्टा खिळ्याने ठोकलेला असतो. वैशाखात येथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत तसल्या चपलेत पाऊल अक्षरशः शिजते, आणि साल-हिरड्याचे कातडे मात्र घाम शोषून पुन्हा कोरडे होते. हा भेद अनुभवाने कळतो, पण विकत घेतेवेळी कोणी सांगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कातडे येते कोठून? राज्याच्या प्राणिरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली, त्यानंतर कारागिरास म्हशीच्या कातड्यावर अधिकाधिक विसंबावे लागले, आणि कातड्याची ने-आण करणारेही धास्तावले. त्या कायद्याच्या युक्तायुक्ततेचा खल येथे करण्याचे कारण नाही. परंतु गावोगाव आपल्या मरणाने मरणाऱ्या जनावरांचे कातडे वाया जाते त्याचे काय, हा प्रश्न विदर्भाने फार पूर्वी हाती घेतला होता. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याच दशकात वर्ध्यालगतच्या नालवाडीत, जेथे विनोबांचे वास्तव्य होते, गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचेच कातडे घ्यावयाचे, ते गावातल्या साधनांनी कमवावयाचे, त्याच्या चपला करावयाच्या आणि उरलेल्या हाडामांसाचे खत करावयाचे, असा तो प्रयोग होता. गांधीजींची त्यामागील आस्था वरपांगी नव्हती. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर ते स्वतः चपला करण्यास शिकले होते, आणि १९१४ साली तो देश सोडताना तेथील सरकारातील मंत्री जनरल स्मट्स यांस त्यांनी आपल्या हातचा जोड भेट दिला होता, जो स्मट्स यांनी अनेक उन्हाळे वापरून १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी, परत पाठविला.

मात्र ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात बसून कातड्याविषयी लिहिणाऱ्याने येथे थांबता कामा नये. मेलेले ढोर ओढणे हे काम या देशात पेशा म्हणून कोणी पत्करलेले नव्हते. ते जातीने लादलेले होते, आणि त्याचा मोबदला म्हणून शिळे तुकडे आणि विटाळ पदरी येत असे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मृत मांस टाकून देण्यास सांगितले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखोंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन ती सारी जुनी जोखडे झुगारली. ज्यांनी मोठ्या निर्धाराने ते काम सोडले त्यांच्या नातवंडांना हुन्नर जगविण्याच्या नावाखाली पुन्हा त्याकडे बोलावणे हा अन्याय होईल. नालवाडीच्या प्रयोगातील तंत्र घ्यावे. पण काम करणारा कोण याचे उत्तर नव्या काळाचे असले पाहिजे. शरीरविच्छेदनाचे शुद्ध केंद्र, यंत्राची मदत, हातमोजे आणि मुखपट्टी, लेखी करारान्वये पगार आणि भविष्यनिर्वाह निधी, आणि कोणत्याही जातीच्या तरुणास खुले असलेले शिक्षण, अशी तजवीज झाली तरच हे काम इतर कामांसारखे एक काम होईल. चामड्याच्या वस्तू शोभेच्या दालनात आणि चामडे कमावणारा गावाबाहेर, ही स्थिती मला असह्य वाटते.

दुसरी गोष्ट नावाची. महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने २०२५ मध्ये अस्सल जोडांवर क्यूआर संकेत लावण्याची योजना आणली, जेणेकरून कारागीर किंवा बचत गट, जिल्हा, कच्चा माल आणि पद्धत यांची माहिती ग्राहकास मिळावी. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. चिठ्ठी गळून पडते. तळावर रापीने कोरलेले किंवा ठशाने उमटवलेले नाव चप्पल झिजेपर्यंत राहते, आणि जो मनुष्य आपले नाव कामावर घालतो तो टाका ढिला सोडीत नाही. वेणी घालणाऱ्या स्त्रीचेही नाव त्याच्या शेजारी असावे.

तोवर ग्राहकाने एवढे तरी करावे. चप्पल उलटी करून कड पाहावी. टाका वादीचा आहे की नायलॉनच्या धाग्याचा हे डोळ्यांस लगेच दिसते. खिळ्याचे डोके दिसले तर दुकानदारास त्याचे कारण विचारावे. नाकाशी नेऊन पाहावी; साल-हिरड्याच्या कातड्यास मातकट, किंचित तुरट वास असतो, रंगाचा उग्र दर्प नसतो. नवी चप्पल काही दिवस चावते, तेव्हा तिला तेल पाजावे आणि पावसात ती बाहेर काढू नये. एवढी चिकित्सा करणारा ग्राहक चार रुपये अधिक मोजण्यासही तयार असतो, असा माझा विश्वास आहे.

आणि ते दोन हजार जोड? त्यांवर पेढीचे नाव सोनेरी अक्षरांत उमटेल हे उघड आहे. त्याखाली कापशीच्या, अथणीच्या किंवा कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या ज्या घरात तो जोड शिवला गेला असेल, त्या घरातल्या दोघांची नावे यावीत, आणि जोडामागे त्यांस पडलेली मजुरी विक्रीच्या किमतीशी निश्चित प्रमाणात बांधलेली असावी. कराराची मुदत संपून तो नूतनीकरणास येईल तेव्हा ही दोन कलमे त्यात घालण्याचा अधिकार दोन्ही महामंडळांस आहे, आणि त्यांनी तो आजपासूनच सांगावा.

– शिल्पानुरागी, नागपूर