चष्मा घरी राहिला नाही, अक्षरं शिकायची राहिली

बँकेच्या रांगेत तुमच्या शेजारी एक मावशी उभ्या असतात. हातात पासबुक, पासबुकात घडी घातलेली पैसे काढायची स्लिप. त्या हळूच म्हणतात, "चष्मा घरी राहिला हो. एवढं भरून देता का?" तुम्ही भरून देता. मावशी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतात, कागदावर उमटवतात आणि उरलेली शाई पटकन केसांना पुसतात. कुणाला दिसू नये म्हणून.

चष्मा घरी राहिलेला नसतो. अक्षरं शिकायची राहिलेली असतात, आणि ते सांगायची लाज वाटते.

तुमच्याकडे आज एक मागणं आहे. पैसे नकोत. रोजचा अर्धा तास द्या, एका माणसासाठी.

असं माणूस माझ्या ओळखीत कुणी नाही, असं म्हणू नका. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरच्या शंभर जणांपैकी साधारण 82 जण साक्षर निघाले. नुसत्या बायका मोजल्या तर शंभरात 76. म्हणजे चौघींतली एक राहून गेली. नंदुरबार जिल्ह्यात तर सगळे मिळून शंभरात 64 च. ही राहून गेलेली माणसं तुमच्याकडे भांडी घासायला येतात, कोपऱ्यावर भाजी घेऊन बसतात, तुमच्या शेतात कापूस वेचतात. कधी कधी ती तुमचीच आजी असते. तिला पोथी तोंडपाठ असते, म्हणून घरात कुणाला कळतच नाही.

हे न कळणं महागात पडतं. नातवाला जुलाब होतात, आरोग्य केंद्रातून ओआरएसची पुडी मिळते. मोठ्या पुडीवर लिहिलेलं असतं, पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात मिसळा. आजी ती पेलाभर पाण्यात कालवते आणि चमच्याचमच्यानं पाजते. इतकं दाट, खारट पाणी लेकराच्या अंगातलं पाणी आणखी ओढून घेतं. आजीनं रात्र जागून काढलेली असते, मायेत काही उणं नसतं. उणी पडते ती पुडीवरची एक ओळ.

शेतात चला. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. रंग कुणालाही दिसतो. पण किती पाण्यात किती औषध घालायचं, तोंडाला काय बांधायचं, विष अंगात भिनलं तर पहिल्यांदा काय करायचं, हे सगळं बारीक अक्षरांत असतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती. तरी पाठीवर पंप चढवणाऱ्याला हातातल्या डब्यावर काय लिहिलंय ते कळायला नको का?

म्हणून आजच नजर फिरवा. आपल्या घरात, वाड्यात, सोसायटीत, शिवारात. फोनवर नाव न वाचता नुसता फोटो बघून फोन लावणारं कोण आहे? एसटी आली की "ही कुठं जाती?" असं दर वेळी विचारणारं कोण आहे? त्यांना बाजूला घ्या. चारचौघांत विचारू नका. अंगठेबहाद्दर हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. एवढंच म्हणा, "मावशी, रोज थोडा वेळ बसू या का आपण?"

कारण धोका औषधापुरता नाही. वडील जातात, तेराव्यानंतर घरात कागद येतो. "ताई, वारसनोंदीसाठी लागतंय, इथं अंगठा दे." ताई देते. कागद हक्कसोडपत्राचा असतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, 2005 पासून देशभर लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात ते स्पष्ट आहे. हक्क सोडायचा की नाही, हे ताईनं ठरवावं, तिची मर्जी. पण आपण काय सोडतोय हे तरी तिला कळू द्या. सातबाऱ्यावरून नाव गेलं की ते परत चढवताना चपला झिजतात.

आणि आता तर कागदही मागे पडला, सगळं फोनवर आलं. फोन वाजतो. पलीकडचा गोड बोलतो, "मावशी, तुमचे पैसे अडकलेत, मेसेजमधले आकडे सांगा." आकडे त्यांना ओळखता येतात. त्या एकेक करून वाचून दाखवतात. त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की हा ओटीपी कुणालाही सांगू नका. ते वाक्य मात्र त्यांना वाचता येत नाही. वर्षभराची मजुरी दोन मिनिटांत जाते.

हे तुम्ही थांबवू शकता. त्यासाठी बीएड लागत नाही. पहिल्या दिवशी त्यांचं नाव लिहून द्या, त्यावरून बोट फिरवू द्या. मग त्यांचंच पासबुक उघडा. जमा, रक्कम, नावे. शब्द त्यांच्या ओळखीचे आहेत, फक्त अक्षरांशी गाठ पडायची आहे. मग गोळ्यांची पाकिटं, रेशनची पावती, विजेचं बिल, एसटीची पाटी. आकडे मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्के करून घ्या, कारण गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत इंग्रजी आकड्यांत असते. चुकलं तर हसू नका. खुरप्यानं घट्टे पडलेल्या बोटांना पेन्सिल हलकी वाटते, ती सटकते. सटकू द्या. पुन्हा धरायला लावा.

"या वयात आता काय शिकायचं?" असं त्या म्हणतील. त्यांना मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची गोष्ट सांगा. 2016 च्या महिला दिनी तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन साठी-सत्तरी उलटलेल्या बायका पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा दिवसभर राबलेली माणसंच तिथं येऊन बसत होती. 1959 मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली. ती गावकऱ्यांनी अंगावर घेतली, म्हणून चालली. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती आपल्या हातून तुटू देऊ नका.

एकट्यानं जमेल का अशी धास्ती वाटत असेल, तर जवळच्या शाळेत जा. केंद्राचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठीच आहे. शिकवणारे त्यात विनामोबदला काम करणारे स्वयंसेवक असतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची 150 गुणांची चाचणी होते, प्रमाणपत्र मिळतं. कार्यक्रम 2022 ते 2027 अशा पाच वर्षांसाठी आखलेला. त्याचे दिवस मोजके आहेत. मावशींचे त्याहून मोजके. तिमाहीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नका. पुडी, डबा, कागद, मेसेज, यांतलं काहीच दिवाळीपर्यंत थांबत नाही.

परत कधी बँकेच्या रांगेत कुणी म्हणालं, "चष्मा घरी राहिला," तर स्लिप जरूर भरून द्या. मग बाकावर दोन मिनिटं बसा. स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा. पेन त्यांच्या हातात द्या. आणि विचारा, "मावशी, तुम्ही राहता कुठं? उद्या संध्याकाळी येऊ का?"